झाडाची बदली होत नाही

त्रैराशिक शिकवताना मी दर वर्षी एक गणित मुद्दाम घालायचो. गंगाघाटावर, म्हणजे नाशिकच्या गोदावरीकाठी, एक धोतर वाळायला तीन तास लागतात, तर दहा धोतरं वाळायला किती? अर्धा वर्ग हात वर करून ओरडायचा, ‘तीस!’ पंचवटीतली पोरं ही, लहानपणापासून घाटावर धोतरांच्या रांगा एकदम वाळताना पाहिलेली, तरी उत्तर तीस. समोर आकडा आला की डोळ्यांनी पाहिलेलं विसरायचं, ही सवय आपल्याला शाळेतच लागते. ती लावण्यात माझाही तेहेतीस वर्षांचा वाटा आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तपोवनातल्या झाडांबद्दल महापालिकेची नोटीस निघाली तेव्हा ते धोतराचं गणित आठवलं. सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची तात्पुरती वस्ती, उभारायचं आहे, त्याच्या आड सुमारे अठराशे झाडं येतात, ती तोडायची किंवा उचलून दुसरीकडे लावायची, असा तो मामला. नाशिककरांनी हरकती घेतल्या, झाडांना मिठ्या मारल्या, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. या सगळ्या गदारोळात मला खुपलं ते एकच वाक्य, आणि ते दोन्ही बाजूंनी ऐकू येत होतं. प्रशासन म्हणत होतं, एका झाडाच्या बदल्यात दहा लावू. विरोध करणाऱ्यांतले माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, ‘दहा? वीस लावा म्हणावं!’ म्हणजे भांडण भावावर होतं. माल विकाऊ आहे, हे दोघांनाही मान्य होतं.

‘बदली’ हा शब्द आपण कुठे वापरतो? तलाठ्याची बदली होते. शिक्षकाची होते, माझी दोनदा झाली. एक मास्तर गेला, दुसरा आला, वर्ग चालू राहिला. झाडाच्या बाबतीत आपण हीच कल्पना धरून चाललो आहोत. इथला निंब गेला, तिकडे दहा रोपं रुजू झाली, खातं चालू. आणि हे एवढ्या झाडांपुरतं नाही. नदी, झरे, डोंगर, सगळ्यांकडे आपण बदली कर्मचारी मिळेल अशा भरवशावर पाहतो. माझा वाद या भरवशाशी आहे.

आधी आकड्यांचंच बोलू, कारण समोरचे आकड्यांनीच बोलतात. चांगला वाढलेला एक कडुनिंब घ्या. त्याच्या डेऱ्याचा व्यास बारा मीटर धरू, ही काही फार मोठी गोष्ट नाही. नव्या रोपाचा डेरा एक मीटरचा धरू, हे जरा सढळ हातानेच. सावलीचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस. म्हणजे त्या एका निंबाएवढी सावली पडायला १४४ रोपं लागतात, दहा नाही. बरं, झाड म्हणजे काही पापड नव्हे, त्याला उंचीही असते. उंची त्याच प्रमाणात धरून घन करा: १७२८. तपोवनातल्या अठराशे झाडांबद्दल वाद चालला होता. एका मोठ्या झाडाचा पाला भरून काढायलाच जवळपास तेवढी रोपं लागतील. आणि हे सगळी जगली तर.

पण एक गणित शिक्षक म्हणून सांगतो, हे गणितही फसवं आहे. उद्या कोणी म्हणेल, ठीक आहे, १७२८ लावतो. तिथे धोतर आडवं येतं. पन्नास वर्षांचं झाड व्हायला पन्नास वर्षं लागतात. दहा रोपं लावली तरी पन्नासच आणि दोन हजार लावली तरी पन्नासच. रोपं वाढवून वर्षं कमी होत नाहीत. त्या निंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी असते, ती रोपाच्या काडीवर बसून वाट पाहत नाही. उंबराचं तर आणखी नाजूक. उंबर, वड, पिंपळ यांच्या प्रत्येक जातीला परागीकरणासाठी तिची स्वतःची चिलटाएवढी माशी लागते. ती फळाच्या आतच जन्मते, बाहेर पडते आणि एक-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरं फळणारं झाड गाठते. जवळपास फळावर आलेलं झाड नसेल तर तिची पुढची पिढी नाही. बाकीच्या झाडांवर खायला काही नसतं अशा दिवसांतही कुठला ना कुठला उंबर किंवा वड पिकलेला असतो, म्हणून धनेशापासून वटवाघळापर्यंत सगळे त्यांच्यावर तगतात. ही सोय रोपवाटिकेतून ट्रकने आणता येत नाही.

कायद्याला यातलं काही कळत नाही असं नाही. महाराष्ट्राचा शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांवरच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हटलं गेलं. तोडायच्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, असंही त्यात आलं. झाडाचं वय मोजायला हवं, हे कायद्याने मान्य केलं याचा मला खरंच आनंद झाला होता. मग लक्षात आलं, मोजलेल्या वयाचं पुन्हा रोपांच्या संख्येत रूपांतर केलंय. साठ वर्षांच्या चिंचेबदली साठ रोपं. साठ वर्षांच्या आजीबदली एकेक वर्षाची साठ बाळं घरात आणून ठेवली तर आजीची उणीव भरून निघेल का, हे ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी ठरवावं.

मी हे सगळं उंच जागी बसून बोलत नाहीये. आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी एक कडुनिंब होता. गाड्या वाढल्या, पार्किंग कमी पडलं. सभा झाली, ना-हरकतीचा कागद फिरला. त्यावर माझी सही आहे, सातव्या क्रमांकाची. मीही तेव्हा सर्वांसारखाच म्हणालो होतो, मागच्या भिंतीला दहा झाडं लावू की. लावली. अशोकाची लावली, कारण ती उभी वाढतात आणि पार्किंगला अडत नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात चार गेली, पाण्याची मोटर बिघडली त्या महिन्यात तीन, एक रंगकाम करणाऱ्यांच्या शिडीखाली आलं. आज दोन आहेत. निंबाखाली दुपारी इस्त्रीवाला, रिक्षावाले आणि समोरच्या बंगल्यातल्या मावशी बसायच्या. अशोकाच्या सावलीत एक माणूस उभा राहू शकतो, तोही पोट आत घेऊन. त्या कागदावर ‘दहा’ लिहिलं नसतं तर कदाचित मी सही करताना थबकलो असतो. दहाच्या आकड्याने माझी टोचणी बंद केली, आणि मला वाटतं त्या आकड्याचं खरं काम तेच आहे.

आता दुसरी बाजू. प्रशासनाचं म्हणणं असं की तपोवनातली सगळी झाडं जुनी नाहीत. बरीच मागच्या काही वर्षांत उगवलेली झुडपं आहेत, परदेशी जातींची आहेत, जुनी मोठी झाडं ठेवूच. यात तथ्य आहे. सुबाभूळ तोडली म्हणून मी रस्त्यावर येणार नाही. सिंहस्थात निर्वाणी, निर्मोही, दिगंबर असे वैष्णव आखाडे आणि त्यांचे खालसे, म्हणजे साधूंचे छोटे गट, नाशिकला उतरतात, शैव आखाडे त्र्यंबकला. त्यांना जागा लागते, पाणी लागतं, संडास लागतात, रस्ते लागतात. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत एकोणचाळीस जीव गेले. ज्यांनी ते दिवस या शहरात काढले त्यांना गर्दीसाठी जागा मोकळी ठेवण्याचं महत्त्व कोणी समजवायला नको. भाविकांच्या जिवापेक्षा झाड मोठं, असं मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट मला कोणी तरी समजावून सांगावी. गुरू सिंह राशीत अचानक जातो का? बारा वर्षांनी येणाऱ्या पर्वाची तारीख पंचांगात आधीच असते. १९९१, २००३, २०१५, आणि आता २०२७. ऑक्टोबर २०२६ च्या शेवटी ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. जगात दुसरी अशी कुठली गर्दी आहे, जिची वेळ बारा वर्षं आधी कळते? युद्ध कळत नाही, महापूर कळत नाही, साथ कळत नाही. सिंहस्थ कळतो. आणि तरीही ध्वजारोहणाला वर्षभर उरलेलं असताना आपल्याला शोध लागतो की साधुग्रामाच्या जागेत झाडं आहेत. २०१५ चा मेळा उठल्या दिवशी जर कोणी तपोवनाचा नकाशा काढून ठरवलं असतं, की रस्ते इथून, तंबू इथे, झाडं इथे, तर आज त्या झाडांना दहा वर्षं झाली असती आणि साधूंना सावली मिळाली असती. घाई ही निसर्गाने आणलेली नाही, गुरूनेही नाही. ती फाइलने आणली आहे, आणि तिची किंमत झाडाने द्यायची.

या घाईतून जे निघालं ते तर अजबच. टीका वाढल्यावर शासनाने हजारो उंच वाढवलेली रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रोपवाटिकांतून आणायचं ठरवलं. नकाशा डोळ्यांपुढे आणा. गोदावरी त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावते, १४६५ किलोमीटर वाहत जाते आणि राजमहेंद्रीनंतर समुद्राच्या वाटेला लागते. नदीच्या उगमाकडच्या गावाला नदीच्या मुखाकडच्या गावाहून झाडं मागवावी लागली. त्या रोपवाटिकावाल्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांचं काम उत्तम आहे. पण खाली गोदावरीच्या गाळात, समुद्राच्या दमट हवेत वाढलेलं रोप आणि दख्खनच्या काळ्या खडकावर, एप्रिलच्या कोरड्या उन्हात उभं राहायचं रोप, यात काही फरक असतो की नाही? आपल्या डोंगरात अंजन, पळस, बेहडा, काकड, मोई, पांगारा आहेत. त्यांची बियाणी गोळा करायला दोन पावसाळे लागतात. दोन पावसाळे आपल्याकडे होते. दहा होते.

झाडांचं एवढं बोलतोय, पण खरी जुनी गोष्ट नदीची आहे, आणि मला वाटतं झाडांच्या बदलीची युक्ती आपण तिथेच शिकलो.

नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे रामकुंडाकडे जाऊन येतो. माझी आई पावसाळ्यात खिडकीतून विचारायची, ‘मारुतीला कुठवर आलंय?’ हा दुतोंड्या मारुती, नदीच्या पात्रातच उभा. त्याच्या पायाला पाणी लागलं तर गंगा जरा वाढली, कमरेला लागलं तर पूर, छातीशी आलं की भांडी बाजार आणि सराफ बाजारातल्या दुकानदारांनी माल वर चढवायचा. आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं, तर समजायचं, आता ही म्हातारी आजोबांच्या काळातला पूर दाखवणार. नारोशंकराचं मंदिर १७४७ चं, आणि ती पोर्तुगीज घंटा मराठ्यांनी वसई जिंकली त्याची खूण. लोक पुराची उंची मीटरमध्ये सांगत नव्हते. देवाच्या अंगावर सांगत होते. या पद्धतीत अंधश्रद्धा शोधणाऱ्यांना खुशाल शोधू द्या. मला त्यात एक चांगली पूरमापनपट्टी दिसते, सर्वांना वाचता येणारी, जिच्याकडे पाहायला हात जोडून जावं लागतं. मारुतीला नमस्कार करणारा माणूस त्याच वेळी पाण्याकडे पाहत होता. श्रद्धा आणि निरीक्षण ही दोन वेगळी खाती नव्हती.

नंतर आपण हात जोडणं चालू ठेवलं आणि पाहणं सोडलं.

२००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंड आणि आसपासच्या कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं. हेतू चांगला होता: भाविकांचे पाय चिखलात रुतू नयेत, कुंड धुता यावं. पण दख्खनचा खडक कसा आहे पाहा. काळ्या पाषाणाचे थरांवर थर, त्यांच्यामध्ये भेगा, मध्येच मऊ मुरमाचा किंवा तांबड्या मातीचा पट्टा. पावसाचं पाणी डोंगरात मुरतं, या भेगांमधून आडवं सरकत महिनोन् महिने चालतं, आणि जिथे नदीने खडक कापला आहे तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. पावसाळा संपल्यावर नदीत जे पाणी वाहतं त्यातलं बरंचसं हेच. म्हणजे नदी ही फक्त वरून वाहत येत नाही, ती खालूनही येते. कुंडाचा तळ सिमेंटने बंद करणं म्हणजे तिचं खालचं तोंड शिवणं. झरा बंद झाला तर काय, धरण आहे ना! वर गंगापूर धरण, १९६५ चं, आज ५६३० दशलक्ष घनफूट साठ्याचं. पर्व आलं की पाणी सोडायचं. झऱ्याच्या बदली नळ.

या बदलीचा निकाल २०१६ मध्ये लागला. एप्रिल महिन्यात रामकुंड कोरडं पडलं. दुष्काळ होता, धरणातून सोडायला पाणी नव्हतं, आणि तळाखालून यायची वाट आपण बंद करून ठेवली होती. कुंडात टँकरने पाणी ओतलं गेलं. लोक अस्थी घेऊन दूरदूरहून येतात त्या गंगेत टँकरचं पाणी. चार महिन्यांनी, ऑगस्टच्या दुसऱ्याच दिवशी, तोच घाट, तेच कुंड, आणि दुतोंड्या मारुती पुराच्या पाण्यात. एकाच वर्षात टँकर आणि महापूर! त्यापूर्वी १९६९ चा मोठा पूर वयस्कर लोकांच्या तोंडी होता, २००८ चा सर्वांच्या आठवणीत, नंतर २०१९ चा आला. उन्हाळ्यात कोरडी आणि पावसाळ्यात घरात, अशी नदी कधी होते? जमिनीत मुरायला जागा उरली नाही की. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर कापायचे, ओढ्यांवर स्लॅब टाकायचे, सरस्वती नाला बंदिस्त करून त्यावर बाजार भरवायचा, आणि मग सराफ बाजारात कमरेएवढं पाणी आलं की म्हणायचं, निसर्ग कोपला. निसर्ग कोपत वगैरे नाही. त्याला राग यायला आपली ओळख तरी हवी. पाणी उताराने जातं, एवढंच.

काँक्रीटविरुद्ध काही नाशिककर वर्षानुवर्षं कोर्टात लढले, आणि पुढे काही कुंडांचा तळ पुन्हा मोकळा करायला सुरुवात झाली. घालताना खर्च, काढताना खर्च. पहिल्या खर्चाला विकास म्हणतात आणि दुसऱ्याला पुनरुज्जीवन. ठेकेदार दोन्ही वेळा खूश.

(जाता जाता: नासर्डी नदीचं नाव आता नंदिनी आहे. नाव गोड आहे. पुलावरून जाताना मात्र नाकाला रुमाल लावावा लागतो तो पूर्वीइतकाच.)

इथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तर, तुमचं म्हणणं म्हणजे माणसाने निसर्गाला हातच लावू नये. तसं मी म्हणत नाही, आणि म्हणू शकत नाही, कारण आमच्याच जिल्ह्यात त्याच्या विरुद्ध पुरावा आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरला इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एक बंधारा बांधला गेला. कालव्यांना पाणी द्यायला. पक्ष्यांचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरलं, मध्ये बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. अभियंत्याच्या हिशेबाने गाळ साचणं हे अपयशच. पण त्याच गाळावर हजारो मैलांवरून बदकं, करकोचे, चक्रवाक उतरू लागले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं, लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणू लागले, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाली. माणसाने बांधलेली भिंत, आणि तिच्या मागे असा खजिना.

म्हणजे बदली होऊ शकते? मी या प्रश्नावर बरेच दिवस अडलो होतो. नांदूर मधमेश्वरला डिसेंबरात सकाळी उभं राहिलं की आपलं म्हणणं चुकीचं असावं असं वाटू लागतं, इतकं ते सुंदर आहे. पण मग तारखा पाहा. बंधाऱ्यापासून अभयारण्यापर्यंत सत्तर-पंचाहत्तर वर्षं. कोणी ठेका दिला नव्हता, कोणी उद्घाटनाची तारीख ठरवली नव्हती, आणि काही तोडल्याची भरपाई म्हणूनही ते झालं नाही. गाळाने आपला वेळ घेतला आणि आपण, बहुधा आळसाने, त्याला तो घेऊ दिला. सातपूरकडच्या फाशीच्या डोंगरावरची देवराईही तशीच. २०१५ पासून तिथे लोकांनी देशी झाडं लावली, आणि खरं काम लावल्यानंतर सुरू झालं: उन्हाळ्यात पाणी घालणं, वणवा लागला की धावणं, जाळपट्टे काढणं, मेलेल्या रोपाच्या जागी पुन्हा लावणं. तिथे आज जे उभं आहे ते दहा वर्षांच्या रविवारांतून उभं आहे. माणूस निसर्गात भर घालू शकतो. आधी तोडून, मग तेवढंच परत ठेवून, तारखेच्या आत, हे मात्र त्याला जमत नाही.

काही गोष्टी तर कुठल्याच मुदतीत जमत नाहीत. अंजनेरीच्या डोंगरावर एक कंदीलपुष्प सापडलं, त्याच डोंगरावरून त्याचं शास्त्रीय नाव पडलं: सेरोपेजिया अंजनेरिका. या कुळातलं फूल म्हणजे छोटा सापळा असतो. बारीक माशी वासाने आत जाते, खाली वळलेल्या केसांमुळे तिला बाहेर पडता येत नाही, परागकण चिकटेपर्यंत आत राहते, मग केस सुकतात आणि फूल तिला सोडतं. हे घडायला तो कडा हवा, ते गवत, ती माशी आणि तो धो धो पाऊस हवा. अंजनेरीवर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला होता तेव्हा नाशिककरांनी विरोध केला, तो याच डोंगरासाठी. या फुलाबदली दहा फुलं कुठे लावणार?

आता श्रद्धेचा मुद्दा, जो सगळ्यात नाजूक आहे आणि म्हणून बहुतेक जण टाळतात. झाडं वाचवणाऱ्यांना धर्मविरोधी म्हटलं गेलं. उंटवाडीचा जुना वड आठवा. उड्डाणपुलाच्या वाटेत आला, तोडायचं ठरलं होतं. लोक उभे राहिले आणि वड वाचला. त्या वडापाशी म्हसोबा आहे. पर्यावरणाचा एकही अहवाल न वाचलेली माणसं शेंदूर लावलेल्या दगडासाठी आली आणि त्यांच्यामुळे वडाची साल, ढोल्या, पारंब्या, पाखरं सगळी वाचली. आपल्याकडे देवराया टिकल्या त्या अशाच. ज्या गावात पाच वडांवरून वस्तीचं नाव पंचवटी पडलं, जिथे वनवासातल्या रामाची कथा सांगितली जाते आणि जिथल्या जागेला तप करायचं वन म्हणून तपोवन म्हणतात, तिथे झाड आणि देव यांना एकमेकांविरुद्ध कोर्टात उभं करायची वेळ यावी, हे मला धर्माचं लक्षण वाटत नाही. ते नियोजनाचं अपयश आहे, भगव्या पताकेआड उभं केलेलं. मी ज्या साधूंशी घाटावर बोललो आहे त्यांतल्या कोणीही मला सांगितलं नाही की आम्हाला सपाट केलेलं मैदान हवं. बहुतेक जण येऊन आधी सावली शोधतात. धुनी झाडाखालीच पेटते.

मग करायचं काय? महापालिकेच्या ताब्यातली तपोवनातली जागा ५४ एकर आहे. तिचं झाडागणिक मोजमाप करा, प्रत्येक बुंध्याचा घेर, जात, अंदाजे वय, आणि तो तक्ता तपोवनातच फलकावर लावा. तंबू हलतो, झाड हलत नाही. म्हणून आराखडा झाडांपासून सुरू करा, खालशांची आखणी त्यांच्या मधून न्या. सुबाभूळ, गिरिपुष्प काढायचं तर काढा, पण बदलीची देशी झाडं आधी लावा, तीन उन्हाळे काढून दाखवा, मग कुऱ्हाड उचला. यंदा ते शक्य नसेल, तर यंदा तोडू नका, तंबू आणखी लांब टाका, बस सोडा. झाड उचलून दुसरीकडे लावण्याचा मार्ग वड-पिंपळाला काहीसा मानवतो, सगळ्याच झाडांना नाही. ते जाहीरपणे सांगा. आणि पुढचा सिंहस्थ २०३९ च्या सुमारास येईल. त्याची सावली आजच लावायला घ्या.

गेल्या महिन्यात मी आणि माझे दोन जुने विद्यार्थी, एक आता रिक्षा चालवतो, एकाचं मेडिकलचं दुकान आहे, शिंप्याची टेप घेऊन तपोवनात गेलो होतो. छातीच्या उंचीवर घेर मोजायचा, वहीत लिहायचा, एवढंच. पहिल्या दिवशी चौतीस झाडं झाली. एका उंबराला टेप पुरली नाही, तेव्हा रिक्षावाल्याने रिक्षातली दोरी बुंध्याभोवती टाकली, गाठ मारली आणि ती घरी नेऊन मोजली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला: ‘सर, तीन मीटर अकरा. पण मला तिथली पाखरं पण लिहायची आहेत, त्यांचा कॉलम कुठे?’ कॉलम नव्हता. मी वही उघडली आणि उजवीकडे एक रेघ मारली.